दवाखान्यातली दुसरी खुर्ची

१९६१ साली केर व्हाइट आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक छोटा लेख लिहिला. त्यातला हिशेब साधा होता. हजार प्रौढ माणसं घ्या. महिन्याभरात त्यांतल्या ७५० जणांना काही ना काही दुखतंखुपतं. २५० जण डॉक्टरची पायरी चढतात. ९ जण रुग्णालयात दाखल होतात. आणि जिथे विद्यार्थी शिकतात त्या विद्यापीठाच्या मोठ्या रुग्णालयापर्यंत एकच जण पोचतो. चाळीस वर्षांनी, २००१ मध्ये, अमेरिकेत हा हिशेब पुन्हा मांडला गेला. तेव्हाही चित्र फारसं बदललेलं नव्हतं.

हे आकडे अमेरिका आणि ब्रिटनचे. पनवेलचे मोजले तर वेगळे निघतील, पण उतरंड हीच असेल. आपल्याकडे साडेचार वर्षांचा एमबीबीएसचा अभ्यास आणि त्यानंतरची वर्षभराची इंटर्नशिप मुख्यतः त्या एका माणसाच्या खाटेशेजारी होते. तो माणूस खरोखर आजारी असतो, त्याच्यापासून पुष्कळ शिकायला मिळतं, याबद्दल वाद नाही. पण पदवी हातात पडल्यावर ज्यांना तपासायचं, ते पायरी चढून येणारे अडीचशे लोक विद्यार्थ्याने नीट पाहिलेलेच नसतात. पुढची पानं या अडीचशेंबद्दल आहेत. पनवेल परिसरातल्या ज्या फॅमिली डॉक्टरांना आपल्या दवाखान्यात एखादा वैद्यकीय विद्यार्थी काही आठवडे बसवून शिकवावं असं वाटतं, त्यांच्यासाठी ही पुस्तिका आहे.

पनवेलच का, असं कुणी विचारील. या गावाइतकी सरमिसळ वस्ती थोड्याच ठिकाणी एका दवाखान्याच्या बाकावर बसलेली सापडते. १८५२ पासूनची इथली नगरपालिका २०१६ साली महानगरपालिका झाली. लाईन आळी, टपाल नाका ही जुनी पेठ एका बाजूला. नवीन पनवेल, कळंबोली, खारघर या सिडकोच्या वसाहती दुसऱ्या बाजूला. तळोज्याचे कारखाने, विमानतळाने पालटून टाकलेली आगरी-कोळ्यांची गावं, आणि कर्नाळ्याच्या, माथेरानच्या पायथ्याशी ठाकर-कातकऱ्यांच्या वाड्या. सकाळी दहा वाजता दवाखाना उघडला की वीटभट्टीवरून आलेली बाई कडेवर तापलेलं पोर घेऊन उभी असते. तिच्या मागे कंत्राटी कामगार खोकत असतो. मुलं परदेशी असलेले निवृत्त गृहस्थ शुगरचा रिपोर्ट पुढे करतात, आणि रिक्षावाला दारातूनच विचारतो, “डॉक्टर, मागच्या वेळच्याच गोळ्या चालतील ना?” कामोठ्याचं वैद्यकीय महाविद्यालय १९८९ सालचं. जुन्या पनवेलपासून ते काही किलोमीटरवर आहे. अडचण रस्त्याच्या अंतराची नाहीच.

दवाखान्यात बसून शिकणं ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. याच पनवेलात कृष्णशास्त्री पुराणिकांनी १८७२ साली धूतपापेश्वरची सुरुवात केली. त्या काळी वैद्यकी शिकायची म्हणजे वैद्याच्या घरी राहायचं, औषधं कुटायची, घोटायची, आणि गुरू रोग्याशी काय बोलतो ते वर्षानुवर्षं ऐकायचं. इंग्रजी वैद्यक आलं, १८४५ मध्ये मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज निघालं, आणि शिक्षण रुग्णालयात गेलं. पुढे १९१० च्या फ्लेक्सनर अहवालाने अमेरिकेत प्रयोगशाळा आणि मोठं रुग्णालय हाच वैद्यकीय शिक्षणाचा कणा ठरवला आणि सगळ्या जगाने तो कित्ता गिरवला. त्यातून वैद्यक शास्त्रशुद्ध झालं, हे ऋण मान्यच केलं पाहिजे. पण गावातला दवाखाना शिक्षणाच्या नकाशावरून पुसला गेला तोही तेव्हाच.

देशाच्या आरोग्यसेवेची पाहणी करणाऱ्या भोर समितीचा १९४६ चा अहवाल मी पुन्हा पुन्हा वाचतो. त्या वेळी देशात नोंदणी झालेले डॉक्टर ४७ हजारांच्या थोडे वर होते, आणि त्यांतले जवळजवळ ३० हजार पदवीधर नव्हते, धाकटा अभ्यासक्रम पूर्ण केलेले लायसन्शिएट होते. गावोगावचा दवाखाना प्रामुख्याने त्यांनीच चालवला. समितीने हा धाकटा अभ्यासक्रम बंद करून एकच पदवी ठेवायला सांगितलं. त्याचबरोबर हा नवा पदवीधर ‘सामाजिक वैद्य’ व्हावा, लोकांच्या जगण्याशी त्याचा संबंध असावा, असंही सांगितलं. आपण पहिली सूचना पाळली. दुसरी अर्धवट राहिली. १९७७ मध्ये वैद्यकीय शिक्षणाला नवी दिशा देण्याची योजना निघाली, प्रत्येक महाविद्यालयाने तीन विकास गट दत्तक घ्यावेत असं ठरलं. तीही बहुतेक ठिकाणी गाड्यांच्या फेऱ्या आणि शिबिरं यापलीकडे गेली नाही. अपवाद आहेत, आणि त्यांतला मोठा अपवाद महाराष्ट्रातच आहे. सेवाग्रामचं महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान १९६९ मध्ये डॉ. सुशीला नायर यांनी सुरू केलं. तिथे विद्यार्थ्यांची प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते, त्या गावात राहते, तिथल्या कुटुंबांशी नातं जोडते. माझ्या मते एमबीबीएसच्या शिक्षणात देशात झालेल्या सर्वांत चांगल्या गोष्टींपैकी ही एक आहे.

तरीही सेवाग्रामने गाव उघडलं, दवाखाना नाही. ही दोन वेगळी दारं आहेत. गावात विद्यार्थी लोकांकडे जातो. दवाखान्यात लोक आपलं दुखणं घेऊन, आपल्या वेळेला, आपल्या शब्दांत येतात. आणि आपल्या देशात ते येतात कुठे? २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत, दाखल न होता उपचार घेतलेल्या दुखण्यांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक दुखणी खासगी डॉक्टरच्या दवाखान्यात गेलेली होती. सरकारी आणि खासगी रुग्णालयं धरली तरी यांपैकी कुणाचाही वाटा एवढा मोठा नाही. जिथे सर्वांत जास्त रोगी जातात, नेमकी तीच जागा विद्यार्थ्याला दाखवायची राहून गेली आहे.

तिथे त्याला काय दिसेल, हे सविस्तर सांगायला हवं.

जुलैतला ताप घ्या. वॉर्डात हा रोगी पाचव्या-सहाव्या दिवशी पोचतो. प्लेटलेट उतरलेल्या असतात, डोळे पिवळे झालेले असतात, फाइलवर निदान लिहिलेलं असतं. दवाखान्यात तो पहिल्या दिवशी येतो. अंगात कणकण, डोकं जड, बाकी काही नाही. हा मलेरिया, डेंग्यू, लेप्टो, टायफॉइड की दोन दिवसांत आपोआप उतरणारा साधा ताप? रक्ताच्या तपासण्या या दिवशी पुष्कळदा काहीच सांगत नाहीत. अनुभवी डॉक्टर वेगळे प्रश्न विचारतो. घराशेजारी बांधकाम आहे का, शेतात अनवाणी उतरला होतात का, पायाला जखम आहे का, लघवी किती वेळा झाली, घरात आणखी कोणाला ताप आहे का. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर पाण्यातून चाललात का हा प्रश्न रायगडात कोणाला शिकवावा लागला नाही. मग तो पॅरासिटॅमॉल देतो, पाणी किती प्यायचं ते सांगतो, रात्री कोणती लक्षणं दिसली तर सकाळची वाट न पाहता निघायचं ते दोनदा सांगतो, आणि म्हणतो, “उद्या संध्याकाळी दाखवून जा.” नवख्या विद्यार्थ्याला वाटतं, इथे काहीच झालं नाही. खरं तर निदानाचं सगळ्यांत अवघड काम त्याच्या डोळ्यांदेखत झालेलं असतं. थांबायचं कुणासाठी आणि थांबायचं नाही कुणासाठी, हे त्या दहा मिनिटांत ठरलेलं असतं. दुसऱ्या दिवशी तोच रोगी परत आला की विद्यार्थ्याला उत्तरही मिळतं. वॉर्डात कालची शंका आज तपासून पाहायची ही सोय नाही. तिथे रोगी मधल्याच एका पानावर भेटतो.

दुसरी गोष्ट थोडी गणिताची आहे, आणि ती पुस्तकात वाचून मनात ठसत नाही. मेंदूविकाराच्या विभागात डोकेदुखीचा रोगी गाळून आलेला असतो, म्हणून तिथे गाठीची शंका घेणं शहाणपणाचं. दवाखान्यात येणाऱ्या डोकेदुख्या बहुतेक अपुरी झोप, चष्मा, उपास, उन्हातला प्रवास आणि घरातली काळजी यांच्या असतात. तीच तपासणी, तोच रिपोर्ट, पण रोगाची शक्यता मुळातच कमी असेल तर पॉझिटिव्ह रिपोर्टसुद्धा बऱ्याचदा खोटा निघतो. मोठ्या रुग्णालयात शिकलेला तरुण डॉक्टर स्वतःचा दवाखाना उघडतो आणि प्रत्येकाला स्कॅन लिहून देतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याने डोकेदुखी फक्त त्या वरच्या मजल्यावर पाहिलेली असते.

मग येतो काळ. ज्या बाईची चक्कर कोणत्याही तपासणीत सापडत नाही, तिच्या सासूचं पक्षाघाताचं आजारपण याच डॉक्टरने पाहिलेलं असतं, मुलाच्या लसी याच खोलीत झालेल्या असतात, नवऱ्याचं पिणं त्याच्या कानावर असतं. तिचा केसपेपर उघडला की आठ वर्षं दिसतात. ही माहिती कोणतं यंत्र देत नाही. त्या चकरेचं औषध काय हा प्रश्न विद्यार्थ्याने विचारला तर डॉक्टरला बहुधा लगेच उत्तर देता येणार नाही. तेही विद्यार्थ्याने पाहायला हवं.

नाही म्हणायला शिकणंही इथेच होतं. “एक इंजेक्शन देऊन टाका, म्हणजे बरं वाटेल”, “सलाईन लावा, अशक्तपणा आलाय”, ही मागणी रोज होते. सर्दीला अँटिबायोटिक नको हे परीक्षेत लिहिणं सोपं आहे. बाहेर पंधरा माणसं थांबलेली असताना, तापलेल्या मुलाच्या आईला ते पटवून देणं, आणि ती रागावून दुसऱ्या दवाखान्यात जाणार नाही इतकं तिला विश्वासात घेणं, हे कौशल्य आहे. ते पाहूनच येतं.

क्षयरोग २०१२ पासून खासगी डॉक्टरनेही सरकारला कळवायचा आहे. कामगाराचा तीन आठवड्यांचा खोकला ते थुंकीची तपासणी ते नोंद ते सहा महिन्यांच्या गोळ्या, ही साखळी दवाखान्यात सुरू होते आणि बहुतेकदा तिथेच तुटते. नेऱ्याला कुष्ठरोग निवारण समितीचं शांतिवन आहे, पण पाठीवरच्या फिकट चट्ट्यावर कापसाची वात फिरवून “इथे कळतं का?” असं विचारणारा पहिला माणूस फॅमिली डॉक्टर असायला हवा. चिठ्ठी देऊन वर पाठवणं हीसुद्धा विद्या आहे. त्या चिठ्ठीत काय लिहिलं नाही तर रोग्याचे चार दिवस आणि काही हजार रुपये वाया जातात, याची उदाहरणं पुढच्या एका प्रकरणात दिली आहेत.

रायगड जिल्ह्यातल्याच एका डॉक्टरचं नाव इथे घेतलंच पाहिजे. डॉ. हिम्मतराव बावस्कर १९७६ मध्ये महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. लाल विंचवाच्या दंशाने मुलं आणि तरुण माणसं मरत होती आणि पाठ्यपुस्तकात उपाय नव्हता. बावस्करांनी रोग्यांच्या उशाशी रात्री काढल्या, रक्तदाब, नाडी, घाम, थंड पडलेले हातपाय यांची तासातासाला नोंद केली, हृदय कसं खचत जातं ते पाहिलं, आणि त्यातून प्राझोसिन या रक्तदाबाच्या साध्या, स्वस्त गोळीचा उपयोग शोधला. ४० टक्क्यांपर्यंत असलेला मृत्युदर २ टक्क्यांच्या आसपास आला. हे काम ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं, जगभर वाचलं गेलं, आणि २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. कोकणातला दवाखाना ही ज्ञान निर्माण होण्याची जागा आहे, याचा याहून मोठा पुरावा मला ठाऊक नाही. वेल्समधल्या ग्लिनकोरुगच्या खाणकामगारांमध्ये आयुष्य घालवलेले ज्युलियन ट्यूडर हार्ट त्याच वृत्तीचे. ज्यांना वैद्यकाची सर्वांत जास्त गरज त्यांनाच ते सर्वांत कमी मिळतं, हा त्यांचा १९७१ चा नियम आजही उद्धृत होतो. तो त्यांना दवाखान्यात बसून दिसला.

आता अडचणी. माझ्या ओळखीच्या बहुतेक डॉक्टरांचा पहिला प्रश्न वेळेचा असतो, आणि तो खरा आहे. दहा बाय बाराची खोली, बाहेर गर्दी, त्यात शिकवायचं कधी? यावर एक उपयोगी रीत अमेरिकेतल्या फॅमिली मेडिसिनच्या शिक्षकांनी १९९२ मध्ये मांडली. विद्यार्थ्याने रोगी तपासून आल्यावर त्याला आधी विचारायचं, तुला काय वाटतं, मग, कशावरून, मग त्या रोग्यावरून एकच सर्वसाधारण गोष्ट सांगायची, जे बरोबर केलं ते नाव घेऊन सांगायचं, आणि चूक दुरुस्त करायची. एवढंच. डॉक्टरने स्वतः भाषण द्यायचं नाही, विद्यार्थ्याला मत द्यायला भाग पाडायचं. दिवसाला असे तीन रोगी झाले तरी महिन्याचं शिक्षण होतं. उरलेला वेळ दुसऱ्या खुर्चीवर बसून नुसतं पाहायचं, आणि पहिले दोन दिवस तर बाहेरच्या बाकावर, लोकांमध्ये बसायचं. लोक डॉक्टरला जे सांगत नाहीत ते बाकावर एकमेकांना सांगतात.

रोग्याच्या खासगीपणाचा प्रश्न वेळेहून मोठा आहे आणि त्यात सवलत नाही. परवानगी आत, विद्यार्थ्यासमोर विचारायची नाही. तिथे कोणीही नाही म्हणू शकत नाही. ती बाहेर, नाव नोंदवतानाच विचारायची. बायकांच्या, मनाच्या, घरातल्या भांडणाच्या तक्रारी असतील तर विद्यार्थ्याने कुणी सांगण्याची वाट न पाहता उठून जायचं.

आणखी एक भीती कुणी उघड बोलत नाही. विद्यार्थी सगळं पाहील. कोणत्या लॅबला चिठ्ठी जाते, कोणत्या कंपनीचं औषध लिहिलं जातं, वर पाठवलेल्या रोग्यामागून काही परत येतं का. अशी दलालीची ‘कट प्रॅक्टिस’ रोखण्याच्या कायद्याचा मसुदा महाराष्ट्रात २०१७ मध्ये तयार झाला होता. कायदा नसला तरी शेजारी बसलेला वीस वर्षांचा मुलगा पुरेसा आहे. मला हे विद्यार्थी घेण्याचं एक कारण वाटतं, टाळण्याचं नाही. ज्या डॉक्टरला आपला व्यवहार विद्यार्थ्याला दाखवता येत नाही, त्याने विद्यार्थी घेऊ नये, एवढी अट ही पुस्तिका घालते.

आधुनिक वैद्यकाच्या विद्यार्थ्यांपुरतंच हे लिहिलं आहे, कारण अभ्यासक्रमाचे नियम त्यांचे आहेत. पनवेलात आयुर्वेद आणि होमिओपॅथीचे पदवीधर मोठ्या संख्येने दवाखाने चालवतात. त्यांच्या विद्यार्थ्यांचीही गरज हीच आहे, आणि त्यावर त्यांच्यातल्या जाणत्यांनी लिहावं.

नियमांच्या बाबतीत आज पूर्वीपेक्षा बरी स्थिती आहे. २०१९ च्या नव्या अभ्यासक्रमात विद्यार्थ्याला निवडीचा काळ मिळाला, आणि तो गावातल्या किंवा शहरातल्या सामुदायिक दवाखान्यात देखरेखीखाली घालवण्याची मुभाही मिळाली. २०२२ पासून प्रत्येक विद्यार्थी पहिल्याच वर्षी काही कुटुंबं दत्तक घेतो. इंटर्नशिपमध्ये सामुदायिक वैद्यकाचे बारा आठवडे आहेत. दारं उघडी आहेत, आत जाणारे कमी आहेत. दत्तक घेतलेल्या कुटुंबाला विद्यार्थ्याने एक प्रश्न नक्की विचारावा: तुमचा नेहमीचा डॉक्टर कोण? मग त्या डॉक्टरकडे जाऊन बसावं. एका कुटुंबाचे घर आणि दवाखाना असे दोन्ही चेहरे दिसले की त्याला जे कळेल ते कोणत्याही व्याख्यानात मिळणार नाही.

विद्यार्थ्यांचा अभ्यास मागे पडेल, या शंकेला ऑस्ट्रेलियात उत्तर मिळालं आहे. फ्लिंडर्स विद्यापीठाने १९९७ पासून काही विद्यार्थ्यांना वर्षभर ग्रामीण फॅमिली डॉक्टरांकडे ठेवलं. औषधवैद्यक, शस्त्रक्रिया, प्रसूती, बालरोग, सगळं तिथेच, रोग्याबरोबर फिरत शिकायचं. परीक्षेत ते मोठ्या रुग्णालयातल्या सोबत्यांच्या मागे राहिले नाहीत, उलट पुढेच गेले. आपण वर्ष मागत नाही. चार आठवडे मागतो.

पनवेलच्या डॉक्टरांना विनंती अशी की एका वेळी एकच विद्यार्थी घ्या, पण घ्या. ज्यांच्या केसपेपरांत वीस-तीस वर्षं साठली आहेत अशी पिढी आता निवृत्त होते आहे, आणि तिच्या डोक्यातलं कुठेही लिहिलेलं नाही. महाविद्यालयांना विनंती अशी की या डॉक्टरांना अध्यापकाचा रीतसर दर्जा द्या, विद्यार्थ्याच्या लॉगबुकात त्यांच्या सहीला किंमत द्या, आणि वर्षातून दोनदा त्यांना बोलावून काय चुकतंय ते ऐका.

ज्या वाचकाला डॉक्टर व्हायचं नाही, ज्याच्या हाती ही पुस्तिका दवाखान्याच्या बाकावर पडली असेल, त्याच्यासाठीही एक शब्द. आत डॉक्टरशेजारी एक मुलगी किंवा मुलगा वही घेऊन बसलेला असेल. त्याला तुमचं दुखणं तुमच्या शब्दांत सांगायचं की नाही, हे तुम्ही ठरवायचं आहे. नाही म्हणालात तरी तुमच्या उपचारात काडीचा फरक पडणार नाही, आणि हे तुम्हाला तपासण्याआधी सांगणं डॉक्टरचं कर्तव्य आहे.